पंधरा दिवसांनंतर

आपल्याला शरीर आहे याची आठवण माणसाला ते दुखू लागल्यावरच होते, असे अनुभवी लोक सांगतात. आम्हांला आमच्या उजव्या खांद्याची आठवण २०२३ सालच्या जून महिन्यात झाली, आणि तीही भर मिस्सेत. ख्रिस्तप्रसाद उंचावताना डावा हात नित्याप्रमाणे वर गेला. उजवा मात्र छातीपर्यंत येऊन थांबला आणि खांद्यातून अशी कळ निघाली की पुढचे शब्द क्षणभर घशातच राहिले. मिस्सा संपल्यावर एका आजीबाईंनी आम्हांला दारातच गाठले. "फादर, आज देवावर रुसलात की काय? अर्धाच हात वर केलात," त्या म्हणाल्या. आम्ही हसून वेळ मारून नेली. पण पुढच्या पंधरवड्यात झग्याच्या बाहीत हात घालणे, पाठीला साबण लावणे, फळीवरचे पुस्तक काढणे हेही आम्हांला जड जाऊ लागले.

डॉक्टरांनी तपासून निदान सांगितले. खांद्याच्या सांध्याभोवतीचे वेष्टन आखडते आणि सांधा जणू गोठतो. मधुमेह्यांना हा विकार अधिक गाठतो, आणि आमचा मधुमेह तर आता चांगला मुरलेला. "याला गोळ्या थोड्या आणि व्यायाम फार. वर्ष-दीड वर्षही लागेल, घाई करू नका," असे सांगून त्यांनी आम्हांला तळमजल्यावरच्या भौतिकोपचार विभागाची वाट दाखवली. आपण सारे ज्याला फिजिओथेरपी म्हणतो त्याचेच हे मराठी नाव.

रुग्णालये आम्हांला नवी नाहीत. १९९० च्या सुमारास सेमिनरी हिल्सवर गुरुविद्यार्थी असताना रविवारी दुपारी आम्ही सायकलींवरून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे नागपूरकरांच्या 'मेडिकल'च्या वॉर्डांत रुग्णांना भेटायला जात असू. चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याकडचे आणि पलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाट-छिंदवाड्याकडचेही लोक तिथे भेटत. मांडीचे हाड मोडलेला मनुष्य पायाला वजन टांगून आठवडेच्या आठवडे एकाच खाटेवर पडलेला असे. त्याची आई किंवा बायको खाटेखाली पथारी टाकून राही. आम्ही या रविवारी गेलो, पुढच्या रविवारी गेलो, तरी तोच मनुष्य त्याच खाटेवर. ते दिवस सुखाचे होते असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पाठीला जखमा होत, घरची शेती पडीक राही. परंतु एक गोष्ट होती. तो मनुष्य पुन्हा पायावर उभा राहण्याचा पुष्कळसा काळ रुग्णालयाच्या छताखाली, कोणाच्या तरी नजरेसमोर जात असे.

आता मोडलेल्या हाडात सळई बसवतात आणि रुग्ण चार-सहा दिवसांत घरी जातो. हे चांगलेच आहे. संसर्गाची भीती कमी, खर्च कमी, आणि रिकामी झालेली खाट दुसऱ्या गरजवंताला मिळते. फक्त एवढेच की, खाट लवकर रिकामी झाली म्हणून मनुष्य लवकर बरा होतो असे नाही. बरे होण्याचे उरलेले काम त्याच्याबरोबर घरी जाते. ते घरी कोण करते, हा प्रश्न आमच्या मनात या तळमजल्यावरच्या खोलीत प्रथम आला.

खोली लांबट होती. एका कोपऱ्यात मेणाच्या शेकाचे भांडे, भिंतीला बोटांनी चढायची लाकडी शिडी, एक मोठे चाक, मध्ये दोन समांतर दांड्या, आणि छताला कप्पीतून सोडलेली दोरी. दोरीची दोन टोके दोन हातांत धरायची आणि चांगल्या हाताने ओढून दुखऱ्या हाताला वर न्यायचे, हा आमचा मुख्य पाठ. शेजारी एक पंचविशीचा तरुण सिकलसेलचा रुग्ण होता. आपल्या विदर्भात हा आजार घरोघर ऐकू येतो. त्यात रक्तपुरवठा अडून खुब्याच्या हाडाचा गोळाच मरतो. त्याचा खुबा बदलला होता आणि तो दांड्या धरून नव्याने चालायला शिकत होता. गुडघे बदललेल्या बायका तर रोज नव्या दिसत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हापासून मध्यमवर्गालाही ही शस्त्रक्रिया आवाक्यात आल्यासारखी वाटते.

आणि तिथेच ते भाऊ होते. वय अठ्ठेचाळीस, धंदा ऑटो चालवण्याचा, राहणे कामठीकडे. मेंदूतील रक्तस्रावाने उजवी बाजू गेलेली. शब्द अडखळत, पण आम्हांला पाहिले की डावा हात कपाळाशी नेऊन नमस्कार करीत. त्यांची पत्नी चार घरची धुणीभांडी करून त्यांना घेऊन येई आणि बाकावर बसून प्रत्येकाचा व्यायाम टक लावून पाही. आमच्या दोरीकडेही ती अशीच पाहत असे. तेव्हा आम्हांला त्याचे काहीच वाटले नाही.

आमच्यावर उपचार करणाऱ्या ताई पस्तिशीच्या असाव्यात. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, वर पदव्युत्तर शिक्षण, आणि नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर. "पूर्वी एका रुग्णाला अर्धा तास द्यायचो, फादर," त्या आमचा खांदा हळूहळू फिरवत म्हणाल्या, "आता पंधरा मिनिटांचा हिशेब आहे. त्यातली पाच संगणकात नोंद करायला जातात. एकाला शेक लावायचा, दुसऱ्याला विजेच्या पट्ट्या लावायच्या, आणि तेवढ्यात तिसऱ्याला चालवून घ्यायचे." यंत्रे वाईट नसतात, पण यंत्र लावले की एक माणूस चौघांना पुरतो, हे व्यवस्थापनाला फार लवकर कळते. त्यांच्या उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. दिवसभर लोकांचे सांधे दाबून आणि माणसे उचलून या व्यवसायातल्या लोकांचे अंगठे व कंबर अकाली दुखू लागतात, हे आम्हांला त्या पट्टीने सांगितले. काम संपल्यावर त्या दुचाकीवरून आणखी तीन घरी व्यायाम द्यायला जात, कारण करारातल्या पगारात भागत नसे.

या व्यवसायाचा पूर्वेतिहास आम्हांला आमच्या परिचयाच्या एका सत्तरीतल्या निवृत्त भौतिकोपचारतज्ज्ञांनी सांगितला. १९५२ च्या सुमारास मुंबईत पोलिओने थैमान घातले. लुळ्या पडलेल्या मुलांना उभे करायला शिकलेली माणसेच देशात नव्हती. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने के. ई. एम. रुग्णालयात या विद्येची देशातली पहिली शाळा निघाली, आणि तिच्या पहिल्या पदवीधरांनी १९५५ साली आपली अखिल भारतीय संघटना उभारली. या गृहस्थांच्या नोकरीचा निम्मा काळ पोलिओच्या मुलांच्या पायांना लोखंडी आधार बांधण्यात गेला. १३ जानेवारी २०११ रोजी बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात देशातला शेवटचा रुग्ण आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. "आमच्या खोलीतली लहान मुले गेली, ही देवाची कृपा," ते म्हणाले. "पण खोली रिकामी नाही झाली, फादर. मुलांच्या जागी त्यांचे बाप आले. पक्षाघात, अपघात, गुडघे." पोलिओच्या मुलाच्या मागे सारे सरकार आणि सारे जग उभे होते, मुलांच्या जागी आलेल्या या बापामागे कोण उभे आहे, असे त्यांना विचारायचे होते. त्यांनी विचारले नाही, आम्हीच समजून घेतले.

सरकार अगदीच उभे नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाची जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये ती नागपुरासह उरलेल्या महाराष्ट्रात आली, आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार मिळतो. या योजनांपूर्वी आमच्या कार्यालयात शस्त्रक्रियेसाठी मदत मागायला येणारी माणसे आम्हांला आठवतात. कोणी मंगळसूत्र मोडून येई, कोणी शेत गहाण टाकून येई. ती रांग आता पुष्कळ कमी झाली. त्या ऑटोवाल्या भाऊंचे प्राणही अशाच योजनेने वाचवले. आरोग्यमित्राने कागद पुरे करून दिले आणि घरच्यांना एक पैसा मोजावा लागला नाही.

पण या योजना रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. आयुष्मान भारतमध्ये घरी गेल्यानंतरच्या खर्चाची तरतूद आहे ती १५ दिवसांची. पंधरा दिवसांत टाके भरून येतात. पक्षाघाताने निजलेला हात पंधरा दिवसांत जागा होत नाही. पहिले तीन ते सहा महिने हीच त्याची खरी संधी असते, आणि ती संधी रोजच्या व्यायामाने साधायची असते. सोळाव्या दिवसापासून प्रत्येक 'सिटिंग'चे पैसे मोजायचे. शासकीय रुग्णालयात हाच उपचार नाममात्र शुल्कात मिळतो, हे खरे. पण फी हा लहान खर्च आहे, हे आम्हांला पुढे समजले.

ऑगस्टच्या मध्यावर भाऊ दिसेनासे झाले. आमच्या ध्यानात आले, आणि आम्ही मनातल्या मनात म्हटले, बरे वाटले असेल. पुढच्या आठवड्यातही असेच म्हटले. येथे वाचकांपाशी कबूल केले पाहिजे की, चौकशी करायला आम्हांला तीन आठवडे लागले. आजाऱ्यांच्या घरी जाणे हे ज्याचे व्रत, त्याला स्वतःच्या खांद्यापुढे शेजारचा खांदा दिसला नाही.

शेवटी ताईंकडून पत्ता घेऊन गेलो. दोन खोल्यांचे घर. भाऊ खाटेवर बसलेले. उजवा हात कोपरात वाकून छातीशी आलेला, बोटे मुठीत मिटलेली. हात नुसता हलवला तरी ते विव्हळत. आणि छताच्या लाकडाला एक नायलॉनची दोरी टांगलेली होती, तिच्या दोन टोकांना कापडाच्या दोन गाठी.

"तुम्ही ओढत होते ना फादर, तशीच बांधली म्हटलं," भाऊंची पत्नी सांगू लागली. "रोज सकाळ-संध्याकाळ ओढून देते मी त्याइचा हात. पण दुखणं वाढूनच राहिलं." मग ती तिथे येणे का बंद झाले हे सांगू लागली. "आणावं तर वाटते. पण जायाचे-यायाचे ऑटोचे पैसे अन् त्या दिवसाचा माझा खाडा. तीन खाडे झाले तर बाई दुसरी लावते. सरकारी दवाखान्यात पैसे नाही लागत, पण दिवस तर जाते ना. कसं जमवावं, तुम्हीच सांगा."

आमच्यापाशी सांगण्यासारखे काही नव्हते. त्याच संध्याकाळी ताईंना फोन केला. दोरीचे ऐकताच त्या काही क्षण बोलल्या नाहीत. मग त्यांनी समजावले. आमचा खांदा आखडलेला होता, पण स्नायू धड होते, म्हणून त्याला दोरीने वर नेणे ठीक. पक्षाघातात खांद्याला धरून ठेवणारे स्नायूच सुटलेले असतात. असा हात दोरीने वर ओढला तर सांधा जागेवरून सरकतो, इजा होते, वेदना वाढते. एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष. "त्यांना मोबाईलवर व्यायामाचे व्हिडिओ पाठवले होते," ताई म्हणाल्या. "पण फादर, व्हिडिओ व्यायाम दाखवतो. चुकीचा व्यायाम करणाऱ्याचा हात धरत नाही."

व्हिडिओची ही रीत टाळेबंदीत रुजली. २०२० मध्ये आणि पुन्हा १५ मार्च २०२१ पासून नागपूर बंद झाले, तेव्हा व्यायामाच्या खोल्यांना कुलपे लागली. त्या काळात ताई व त्यांचे सहकारी करोनाच्या वॉर्डांत पोटावर पालथे घालून रुग्णांचा श्वास सांभाळत होते, आणि रात्री घरी येऊन जुन्या रुग्णांना फोनवरून व्यायाम सांगत होते. संकटात तो मोठाच आधार झाला. संकट गेल्यावर मात्र आधाराची सोय झाली, आणि सोयीची काटकसर. फोनवर भागते तर माणूस कशाला वाढवायचा?

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. त्या बाईने काही चुकीचे केले असे आम्हांला म्हणवेना. तिने जे पाहिले ते निष्ठेने केले. रोज दोन वेळा, थकल्या हातांनी केले. ज्याचे पाहून तिने दोरी बांधली तो मनुष्य आम्ही होतो. आमचा खांदा तिच्याच डोळ्यांदेखत बरा होत होता, कारण आमच्याकडे येण्याजाण्याला वाहन होते, वेळ होता, फी देणारे धर्मप्रांत होते.

योहानाच्या शुभवर्तमानातील बेथेस्दाच्या तळ्याची कथा वाचकांना ठाऊक आहे. पाच पडव्यांत आजारी लोक पडलेले, आणि त्यांत ३८ वर्षांचा एक रोगी. या कथेवर आम्ही अनेकदा प्रवचन केले, आणि दर वेळी चमत्कारावर बोललो. त्या रोग्याने प्रभूपाशी केलेली तक्रार आमच्या कानावरून गेली होती. तळे नाही अशी त्याची तक्रार नव्हती. पाणी हलते तेव्हा आपल्याला तिथवर नेणारे कोणी नाही, आणि आपण पोचेतो दुसरा आधी उतरतो, एवढेच त्याने सांगितले. आज नागपुरात तळी पुष्कळ आहेत. जुने मेयो व मेडिकल आहेत, मिहानमध्ये एम्स उभे राहिले आहे, खाजगी रुग्णालयांची तर मोजदाद नाही. कामठीच्या त्या खाटेपासून तळ्यापर्यंतचे अंतर मात्र कोणत्याच खात्याच्या हिशेबात नाही, आणि पाण्यात उतरवणाऱ्या हाताला अकरा महिन्यांचा करार आहे.

पुढची हकीकत थोडी आहे. आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात महिन्यातून दोन रविवारी ताई येऊ लागल्या. आरंभी आमच्या मनात होते की, त्यांनी सेवा म्हणून यावे. मानधनाचे बोलूच नये. अंगठ्याची ती पट्टी आठवली आणि आम्ही गप्प बसलो. पूर्ण फी ठरली आणि ती धर्मग्रामाच्या निधीतून दिली जाते. रुग्ण कोणत्या धर्माचा हे विचारले जात नाही. ताई रुग्णापेक्षा त्याच्या घरच्याला अधिक शिकवतात. हात कसा धरायचा, उशी कुठे ठेवायची, काय मुळीच करायचे नाही, हे त्या घरच्याकडून समोर करवून घेतात. मधल्या दिवसांसाठी तरुणांनी पाळ्या लावून घेतल्या आहेत. कोणी दुचाकीवर, कोणी गाडीतून रुग्णाला सरकारी दवाखान्यात नेऊन आणतो, म्हणजे बायकोचा खाडा वाचतो. पहिल्या महिन्यात उत्साह होता, दुसऱ्यात परीक्षा आल्या, तिसऱ्यात लग्नसराई. पाळी मोडते, मग फोन करावे लागतात. असे ते चालले आहे.

भाऊंच्या पत्नीने दोरी काढली. त्यांचे दुखणे बरेच कमी झाले, काठी घेऊन ते अंगणापर्यंत येतात, पण बोटे पुरती उघडत नाहीत. पहिले महिने हातचे गेले ते परत येणार नाहीत, असे ताईंनी आम्हांला स्पष्ट सांगितले. ऑटो विकली. ताईंचा करार आणखी दोनदा वाढला, दर वेळी अकराच महिन्यांसाठी. २००२ चा राज्याचा कायदा आणि २०२१ चा केंद्राचा कायदा यांनी त्यांच्या विद्येला मान्यता दिली आहे. २०२५ च्या सप्टेंबरात भौतिकोपचारतज्ज्ञांनी नावाआधी 'डॉक्टर' लावू नये असे पत्र दिल्लीहून निघाले आणि लगेच मागेही घेतले गेले. आम्ही ताईंना त्याविषयी विचारले, तेव्हा त्या हसल्या. "नावाआधी काय लावायचे ते ठरेल कधीतरी, फादर. दाराबाहेर चौदा जण बसलेत, ते आज घरी जायला हवेत."

आमचा हात आता पूर्ण वर जातो. त्या आजीबाईंनी पाहून समाधानाने मान हलवली. आम्हांला मात्र मिस्सेत हात उंचावताना दर वेळी कामठीच्या त्या घरातली दोरी दिसते.

वाचकांना एवढीच विनंती आहे. आपल्या गल्लीत कोणी शस्त्रक्रिया होऊन किंवा झटका येऊन घरी आले असेल, तर पहिल्या आठवड्यात फळे घेऊन सारेच जातात; आपण सोळाव्या दिवशी जावे. व्यायामाला कोण नेते, एवढे विचारावे. आणि जे सभागृहाच्या जवळपास राहतात त्यांना सांगायचे ते हे की, आमच्या यादीत मंगळवारची पाळी अजून रिकामी आहे.